गुडघ्यावरच्या निळ्या रेघा

सुमे, जरा कान इकडं कर. केडगावात दवाखाना काढलास अन् आजीला विसरलीस व्हय गं?

आज स्केचपेनाचं टोपण काढलं, त्या वासानं तुझं फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष आठवलं. परीक्षेच्या सरावाला तुला गुडघ्यावर स्नायू काढायचे होते. आधी माझाच पाय मागितलास. टाचेच्या भेगांची लाज वाटून मी तो लुगड्याखाली ओढला. मग तू माझ्या धाकट्या जावेचा पाय मांडीवर घेतलास. त्या निळ्या रेघा तिनं दोन दिवस धुतल्या न्हाईत. वर मलाच विचारते, "आक्का, तुमच्या पायात स्नायू न्हाईत का ओ?"

अजून तिचा गुडघा दिसला की मी जळते. तू कुठं भेगा बघणार होतीस, तुला गुडघाच हवा होता.

लवकर ये. पेन ठेवलंय. यंदा पाय ओढायची न्हाई.