आप्पांचं तुर्कस्तान

तळोद्याला आदिवासी प्रकल्प कार्यालयासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दाखले, प्रतिज्ञापत्रं, अर्ज टाईप करता करता कागदावरचा विश्वास उडतो. एकाच माणसाच्या तीन जन्मतारखा मी स्वतः टाईप केल्या आहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून आप्पा आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्यांचा संशय आला.

वय नव्वदीच्या जवळ, पांढरा सदरा, बगलेत जाड वही. शहादा जवळ असताना इतक्या लांब कशाला आलात, असं मी विचारलं.

"शहादामा समदा माले वळखतस," ते म्हणाले.

वहीत तुर्कस्तानच्या जुन्या पुढाऱ्यांच्या आणि राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आठवणी होत्या. तरुणपणी आप्पा तुर्कस्तानात नोकरीला होते, हे म्हणे त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते दर मंगळवारी जीपनं यायचे, तीन-चार पानं टाईप करून घ्यायचे, छापील कागद मोजून पिशवीत टाकायचे आणि फाईल माझ्याकडून त्यांच्यादेखत पुसून घ्यायचे. त्यांचाही माझ्यावर भरवसा नव्हता.

लिहिलेलं मात्र वाचत राहावं असं होतं. कमी ऐकू येणारा एक म्हातारा सेनापती, निवडणूक हरल्यावर मुकाट्यानं खुर्ची सोडणारा. त्याच्यानंतर आलेला पंतप्रधान स्वतः कापसाच्या शेतीतला. त्यानं खेड्यांत ट्रॅक्टर नेले, रस्ते नेले, अरबीतली अजान परत सुरू करू दिली, आणि पुढे विरोधकांची तोंडं बंद करायला निघाला. मी टाईप करायची आणि मनात म्हणायची, हे कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलं असणार.

मग एका मंगळवारी लष्करानं सत्ता घेतली त्या दिवसाचं प्रकरण आलं. मे महिना. आप्पांनी लिहिलं होतं, 'बाहेर गरम लू वाहत होती. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलं होतं.'

माझी बोटं थांबली. मी मोबाईलवर अंकाराचं हवामान पाहिलं.

"आप्पा, तठे मे महिनामा गारवा ऱ्हास. मंग हाई लू कोठली?"

आप्पांनी वही मिटली. "मी दिल्लीमा व्हतू," ते म्हणाले. "तुर्की वकिलातमा टायपिस्ट. तुर्कस्तान मी कधी देखंच नही. मी वकिलात सांगी, गावनी तुर्कस्तान ऐकं. मंग मी गप ऱ्हायनू."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. वकिलातीत दोन अधिकारी होते. थोरला जुन्या सेनापतीच्या काळात घडलेला. देशानं युरोपकडे तोंड करावं आणि धर्म घरात ठेवावा, असं मानणारा. धाकटा कापूस-अंजिराच्या गावचा. पंतप्रधानानं आमच्या खेड्याला पहिल्यांदा माणसांत धरलं, म्हणायचा. तापीकाठी कापूस कधी लावता, हेही त्यानं आप्पांना विचारलं होतं.

सत्ता पालटली त्या आठवड्यात वकिलातीत कोणी कोणाशी मोकळं बोलेना. धाकट्यानं दिल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवायला आप्पांकडून इंग्रजीत पत्र टाईप करून घेतलं: सैन्यानं केलं ते चूक आहे. टाईप करताना आप्पांचा कार्बन पेपर उलटा लागला, मागे उलटी अक्षरं उमटून एक पान वाया गेलं. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं आप्पांना बोलावून विचारलं, "त्यानं तुला काय टाईप करायला दिलं?"

"आन तुम्ही?" मी विचारलं.

"वाया गयेल पान काढीसन दी टाकं. नोकरी जाई, असं वाटनं."

महिन्याभरात धाकट्याला मायदेशी परत बोलावलं. त्या पानामुळे की आणखी कशामुळे, हे आप्पांना कळलं नाही. पुढे तो पंतप्रधान आणि त्याचे दोन मंत्री फासावर गेले. त्यांना फाशी देऊ नका म्हणून त्यांचा कट्टर विरोधक, तो म्हातारा सेनापती, सांगत होता. कोणी ऐकलं नाही. आप्पा कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत धाकट्याचं नाव शोधत राहिले. ते कुठंच आलं नाही.

हेही रचलेलं असेल का, असं मला क्षणभर वाटलं. पण कार्बन उलटा लागल्याची गोष्ट कोणी मुद्दाम कशाला रचेल? माझी आई टाईपरायटरवर काम करायची. तसं काळवंडलेलं पान मी लहानपणी घरात पाहिलेलं आहे.

"हेच लिहा, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी सगळी वही नव्यानं लिहिली. अंकारा गेलं, दिल्ली आली. त्याला सहा महिने लागले. शेवटी दोन प्रती बांधून घेतल्या, एक मला दिली, एक घरी नेली.

पंधरवड्यानं त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाजात राग होता. "ताई, हे वडिलांनी लिहिलं की तुम्ही घुसडलं? वडील तुर्कस्तानात होते, सगळ्या गावाला माहीत आहे."

"त्यांनाच विचारा ना," मी म्हणाले.

"विचारलं. ते म्हणतात, पुस्तकात आहे ते खरं. वय झालंय त्यांचं. मूळ वही ते दाखवत नाहीत, तुमच्याकडेच आहे का? आम्हाला अक्षर बघायचंय."

वही आप्पांकडेच आहे, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नसावा. पुढच्या मंगळवारी तो स्वतः दुकानात आला आणि वही शोधत माझी कपाटं बघू लागला.