कार्डाला लावलेलं कुंकू

भागोजी डोंगरावरून महाडला उतरला की आधी माझ्या स्टेशनरीच्या दुकानात डोकावायचा. "हाय का रे पोरगा?" पोरगा म्हणजे किरण, शेजारच्या गाळ्यात लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा. गाळा सताड उघडा असायचा, किरण आत दिसायचाही, तरी म्हाताऱ्याची चौकशी माझ्याकडे. मुलाच्या कामात एकदम कसं शिरायचं, असा त्याला संकोच वाटे. मला त्या संकोचाचा भारी राग यायचा.

वरंधच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. सगळं आयुष्य म्हशी-शेळ्यांच्या मागे गेलं. एकुलत्या मुलानं म्हशींकडे पाठ फिरवली याचं त्याला दुःख होतं, पण ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. दर आठवड्याला दुधाची किटली घेऊन मात्र यायचा.

त्याचा एक नेम होता. कुठलीही नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय कामाला जुंपायची नाही. विळा असो, बॅटरी असो, नाहीतर वाडीतल्या कुणाचा मोबाइल असो, पाण्यात बोट बुडवून कुंकवाचा टिळा आणि वर दोन तांदूळ. माझं झेरॉक्स मशीन आलं तेव्हाही त्यानं टिळा लावला होता. "तुमच्या टिळ्यामुळंच चालतंय बघा," असं मी त्याला चिडवायचो आणि तो ते खरं मानून खूश व्हायचा. किरणच्या कम्प्युटरला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही. ते आपल्यासाठी नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऐन लग्नसराईत किरणचा कम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. पडद्यावर चित्र उमटवणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं ते तापत होतं आणि त्याच्या मूळच्या पंख्यानं हात टेकले होते. किरणनं कुरिअरनं मोठा वेगळा कूलर मागवला. दोन पंखे आणि त्यांच्याखाली चकचकीत पत्र्यांची चळत. सकाळपासून तो त्याच्यामागे होता. जुना पंखा सोडवला, चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट स्पिरिटनं पुसली, नवी लावली आणि चारही स्क्रू थोडे थोडे, कोपऱ्यासमोरचा कोपरा घेत आवळत नेले. एकच बाजू दाबली तर चिप तडकते म्हणे. सगळं नीट बसल्यावर कार्ड टेबलावर ठेवून तो हात धुवायला मागे गेला.

तेवढ्यात भागोजी आला. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मला न विचारता थेट आत गेला. त्या नव्या चकचकीत वस्तूकडे बघत राहिला. किरणची बायको ज्योती डबा घेऊन आली होती, तिला म्हणाला, "ज्योती गो, कुंकू आण जरा. पोरानं नवीन काय आणलान, तसंच कामाला नको लावाया." तिनं गाळ्यातल्या देवाच्या फळीवरून करंडा आणून दिला. म्हाताऱ्यानं ओलं बोट पंख्याच्या चौकटीला टेकवलं, मग कार्डाच्या खालच्या हिरव्या पाटीच्या कडेलाही. चेहरा असा उजळला होता की मी दारात उभा राहून बघतच राहिलो.

किरण आला, लाल ठिपके बघून चरकला. फडक्यानं पुसले, घाईघाईनं कार्ड आत बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा. पंखेही फिरेनात.

मग त्याचा तोल गेला. "आबा, गोठा वाटला काय हा? ओल्या हातानं वाट लावलीत सगळ्याची! यापुढं माझ्या कशाला म्हणून हात लावायचा नाय!"

भागोजीनं हात धोतराला पुसले. "चुकलं रे बाबा," म्हणाला आणि रिकामी किटली घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागला. मी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत उलगडा झाला. कार्डाला वीज देणारी वेगळी वायर असते, ती जोडायचीच राहिली होती. नवा कूलर इतका जाड की वायर त्याच्या आड गेलेली. वायर खोचली आणि पडदा लख्ख उजळला, कार्डही थंडगार. कुंकवाचा काडीचाही संबंध नव्हता.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता वर जा आणि सांग त्यांना." किरण म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतीलच की, तेव्हा सांगतो." पुढच्या आठवड्यात भागोजी आला तो किटली उंबऱ्याबाहेर ठेवून गेला. किरणनं फोन केला, खरं काय ते सांगितलं, माफीही मागितली. पलीकडून उत्तर आलं, "जाऊ दे. मला काय कळतं त्यातलं." ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. राग निवतो तरी. किरण पुढं कितीदा तरी माझ्याकडे येऊन बसायचा आणि म्हणायचा, "कार्ड जळलं असतं तर परवडलं असतं, दुसरं मिळालं असतं." मला त्याची दया यायची आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटायची.

पाऊस सरल्यावर ज्योतीला मुलगी झाली. बारशाला भागोजी धुतलेलं धोतर नेसून आला आणि दाराशी उभा राहिला. बायकांनी पाळण्याभोवती त्याला जागा करून दिली. तो पुढं आला, वाकला, नातीकडं पोटभर पाहिलं. हात मागं बांधलेले. मग मान वर करून किरणला हळूच विचारलं, "हात लावला तर चालंल ना रे?"

किरण 'हो' म्हणायला गेला. त्याचे ओठ नुसते हलले.

म्हाताऱ्यानं क्षणभर वाट पाहिली. "बरं बरं," असं म्हणत तो समजुतीनं मागं सरला. "लांबूनच बगतो."