गाडीच्या पोटाखालची तीन बोटं

आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी चुकीची गाडी घेतली, आणि ती चुकीची आहे हे मला दुकानातच माहीत होतं. मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. ठरवून सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे हे कुणाला कळलंही नसतं. एका माणसाला कळलं, आणि तिच्यापासून काही लपवणं मला लग्नापासून जमलेलं नाही.

गाडी म्हणजे मोबिलिटी स्कूटर. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी असते ती. बॅटरीवर चालते, बसायला खुर्ची, पुढे हँडल, आणि वेगाच्या चकतीवर एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. बोरीवलीत आमच्या सोसायटीत पहिली गाडी आली ती आमच्याकडे. बायकोच्या पायांचे सांधे वर्षानुवर्षं आखडत गेले. वॉकर धरून लिफ्टपर्यंत जायची, पुढे दम नाही.

तिला कुठे मोठ्या प्रवासाला जायचं नव्हतं. तिला मासळी बाजारात जायचं होतं. ती मालवणकडची. मासा स्वतः हातात घेऊन, कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिला चैन नाही. तिचं बाहेर जाणं बंद झाल्यापासून बाजार माझ्याकडे आला होता. मी पिशवी ओट्यावर ठेवली की ती आत डोकावायची आणि म्हणायची, "कोळणीने तुमचं तोंड बघितलं आणि कालचे बांगडे काढले." मी म्हणायचो, ताजे आहेत गं. ती म्हणायची, "हो, शोकसभेला आल्यासारखे बसलेत पिशवीत."

तर गाडी. मी महिनाभर त्यातच होतो. घाटकोपरच्या एका दुकानात सगळे प्रकार ओळीने मांडलेले आहेत, तिथे खेपा घातल्या. तीन चाकांची गाडी अगदी जागच्या जागी वळते, पण तिरक्या उतारावर कलंडण्याची भीती. चार चाकांची घडीची गाडी दिसायला झकास. हलकी, बटण दाबलं की मिटते, लिफ्टमध्ये मावते, मोटारीच्या डिकीतही जाते. पण तिची चाकं लहान आणि पोट जमिनीला टेकलेलं. खाली हात घातला तर तीन बोटं जेमतेम शिरतात. तिसरी मोठी, हवेच्या टायरची, म्हशीसारखी. लिफ्टमध्ये मावत नाही, वळायला जागा खाते, पण पोटाखालून मूठ उभी जाते आणि वर जागा उरते. आम्ही म्हैस घेतली. खाली मीटरबॉक्सशेजारी ठेवायची, बायको लिफ्टने उतरून तिच्यावर बसणार, असं ठरलं.

मध्ये एक अडचण होती, पण ती मला अडचण वाटलीच नाही. आमच्या दाराशी संगमरवरी बांध आहे. पूर्वी एकदा पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं, तेव्हा सेक्रेटरींनी दाराच्या तोंडाशी आडवा बांध घालून घेतला, वीतभर उंच, वर पांढरा संगमरवर. त्याच्यापलीकडे दोन पायऱ्या. मला वाटलं, अर्ज दिला की रॅम्प होईल. आजारी बाईला रॅम्पला नाही कोण म्हणतं? म्हणून गाडी आधी आणली, अर्ज नंतर दिला.

अर्ज सर्वसाधारण सभेत आला. सेक्रेटरी सत्तरीचे, आवाज भारदस्त. म्हणाले, "बांधाला हात लावायचा नाही. पाणी आत आलं तर लिफ्ट बंद पडेल, मग कोण जबाबदार? आणि रॅम्प केला की पोरं सायकली घालणार. एका माणसासाठी सगळ्यांनी त्रास काढायचा का?" मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "अरे, आता सगळं घरपोच येतं. वहिनींना खाली यायची गरजच काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीच बोललो नाही. नंतर वडे आले. मी वडा खाल्ला. चटणी मागून घेतली.

त्यानंतर बायको रोज संध्याकाळी खाली यायची, म्हशीवर बसायची आणि मीटरबॉक्सपासून बांधापर्यंत गाडी न्यायची. बांधाशी थांबायची, बाहेरचा रस्ता बघायची, मग मागे घ्यायची. पुन्हा बांधापर्यंत. मी लिफ्टपाशी उभा असायचो. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्या काळात मी सेक्रेटरींचं वाईट चिंतायचो, रोज, नेमाने, लोक स्तोत्र म्हणतात तसं.

आणि मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पायातली ताकद गेली ती परत आली नाही. हे माझ्या चिंतण्याने झालं असं मी म्हणत नाही. मला आनंद झाला, एवढंच म्हणतो.

ते हॉस्पिटलमधून आले त्याच आठवड्यात गवंडी आला आणि रॅम्प झाला. अर्ज नाही, सभा नाही. पण बांध तसाच. पाण्याचं एवढं ऐकवून झाल्यावर तो फोडणार कसा? आतून बांधाच्या माथ्यापर्यंत चढ, बाहेरून थेट उतार. बाहेरचा उतारही आखूड आणि उभा, कारण तो लांब केला असता तर त्यांच्या मोटारीच्या पार्किंगमध्ये आला असता. शेवटी त्याचा आकार झाला गाढवाच्या पाठीसारखा. दोन्हीकडे उतरता आणि मध्ये कणा.

सिमेंट पिकेपर्यंत दोरी बांधली होती. एका दुपारी मी झाडूची काठी घेऊन खाली गेलो आणि कण्यावर आडवी धरून कुठल्या गाडीचं पोट टेकेल ते ताडून बघितलं. आमच्या म्हशीचं पोट सुटत होतं. घडीच्या गाडीचं टेकत होतं, चांगलंच टेकत होतं. वर आलो तर बायको म्हणाली, "झाडूची काठी घेऊन कुठे फिरताय?"

"सहज."

"सहज तुम्ही कधी काय केलंय?"

दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन. "अरे, मुलाने परदेशातून गाड्यांच्या मॉडेलांचे फोटो पाठवलेत. मला त्यातलं काही समजत नाही. तू घेतली आहेस ना, तुला कळतं. चल ना माझ्याबरोबर."

मी गेलो. घाटकोपरपर्यंत त्यांच्याच मोटारीतून. वाटेत त्यांनी एकदाही माझ्या बायकोची चौकशी केली नाही. केली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

दुकानात ते आधी म्हशीवर बसले. गुळगुळीत फरशीवर फेरी मारली आणि म्हणाले, "ही तुमचीच ना? जरा टेम्पोसारखी वाटते." मग घडीच्या गाडीवर बसले. दुकानातल्या मुलीने बटण दाबून ती मिटून दाखवली, उघडून दाखवली. त्यांचा चेहरा खुलला.

"तुझं काय मत?"

मी म्हणालो, "हलकी आहे. लिफ्टमध्ये मावते, थेट घरात नेता येईल. बॅटरी काढून चार्ज करता येते. डिकीतही जाते." यातला एक शब्द खोटा नव्हता.

मुलगी पावती करता करता थांबली. "काका, बिल्डिंगच्या बाहेर चढउतार कसा आहे? या मॉडेलचं क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, जरा कमी येते ना."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. सभेत बघितलं होतं तसंच.

"रॅम्प आहे," मी म्हणालो.

"मग काही प्रश्न नाही," मुलगी म्हणाली.

गाडी आली, पण रविवारपर्यंत त्यांनी ती घरातच ठेवली. रॅम्पवरून पहिली गाडी त्यांचीच जाणार, म्हणून दोरीही रविवारपर्यंत तशीच. बायको शनिवारी रात्रीच म्हणाली होती, "उद्या मी त्यांच्यामागोमाग निघणार. पापलेट बघायचंय. तुम्ही फक्त पिशवी धरायची." सकाळी तिने साडी नेसली. घरात कित्येक दिवस गाऊनवर असायची ती.

खाली नव्या गाडीची पूजा. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. सेक्रेटरींच्या बायकोने नारळ फोडला, पेढे वाटले. कमिटीचे लोक मोबाइल धरून उभे. सेक्रेटरी पांढरा शर्ट घालून बसले, दोरी सोडली गेली, लिंबं फुटली, टाळ्या पडल्या. गाडी आतला चढ चढली, पुढची चाकं कण्यापलीकडे गेली, आणि दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला.

थांबली. पुढची चाकं उतारावर, मागची जरा उचललेली, पोट संगमरवरावर. त्यांनी खटका दाबला, मागची चाकं गर्रकन फिरली आणि जागच्या जागी फिरत राहिली. मागे घ्यायचा प्रयत्न केला, नुसतंच टीं टीं वाजायला लागलं. हार हँडलवरून घसरून त्यांच्या पायाशी पडला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "साहेब, ससा करा, ससा." त्यांनी सशावर केली. आवाज वाढला, गाडी हलली नाही. पुढे उतार होता, त्यामुळे त्यांना खाली पाय टेकवायचीही भीती. दोन्ही हातांनी हँडल धरून ते तसेच बसले, दोन बिल्डिंगच्या खिडक्यांसमोर.

मी मीटरबॉक्सशी उभा होतो. मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मान वळवून मदतीला कोण आहे ते बघितलं, त्यांची नजर माझ्यावरून गेली, आणि मी हललो नाही. बायको बांधाशी थांबायची ते मला आठवत होतं आणि मला घाई नव्हती.

मग मागून हॉर्न वाजला. म्हशीवर बायको. वाट अडलेली. तिलाही बाहेर पडता येत नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काठी धरून सगळं मोजलं, पण ते कण्यावर अडकले की त्यांच्यामागे ती अडकणार, एवढं साधं मोजलं नाही.

मी तिच्याजवळ गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

मी हातातल्या पिशवीची घडी घातली.

"त्या दिवशी सभेत तोंड उघडलं असतंत तर आज काठी घेऊन फिरावं लागलं नसतं. सूड माझ्या नावाने घेताय आणि पापलेट माझं जातंय. जा, काढा त्यांना."

मी गेलो. मागे एक दांडी असते, ती वर केली की चाकं मोकळी होतात. वॉचमनला दुसऱ्या बाजूने गाडी धरायला लावली. दांडीसाठी वाकलो तेव्हा माझं तोंड सेक्रेटरींच्या कानाशी होतं. मी म्हणालो, "मला माहीत होतं. दुकानातच माहीत होतं."

ते समोर बघत राहिले. म्हणाले, "आधी उतरव मला."

आम्ही गाडी मागे ओढली, त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. बायको त्यांच्यासमोरून गेली. म्हैस कण्यावर चढली, क्षणभर तोल सावरला आणि उतरली. ती मागे वळून बघेल असं मला वाटलं. नाही बघितलं. पिशवी घेऊन मला तिच्यामागे पळावं लागलं. बाजारात तिने कोळणीशी अशी घासाघीस केली की कोळीण म्हणाली, "एवढे दिवस ह्यांना का पाठवत होतीस गं बाई?"

सेक्रेटरींनी नंतर बांध फोडायचा विषय काढला. कमिटीतले म्हणाले, "पाणी आत येईल ना साहेब. लिफ्टचं काय? आणि एका माणसासाठी..." शेवटचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही म्हणे. मी सभेला गेलो नव्हतो. वड्यांचा वास जिन्यात आला होता.

आता ते आमची गाडी मागतात. मी दिली नसती. बायको म्हणाली, "सोमवार आणि गुरुवार न्या. त्या दिवशी आमच्याकडे मासे नसतात."

सोमवारी सकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत टेकत येतात, मला आतून ऐकू येतं. बेल वाजते. किल्ली माझ्या खिशात असते. मी दार उघडतो आणि त्यांच्याकडे बघत उभा राहतो. त्यांना तोंडाने मागावी लागते. ते मागतात, तेव्हा मी विचारतो, "काय म्हणालात?" ते पुन्हा मागतात. मग देतो.

बायकोने मागच्या सोमवारी स्वयंपाकघरातून ऐकलं. दार लागल्यावर म्हणाली, "लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणालो.

"मग?"

"गुरुवारी पुन्हा विचारणार."