धुराच्या डावीकडची खुर्ची

"दिसलं का?" असं विचारताना काकांची मान आपोआप डावीकडे वळायची. समोर आपण उभे असलो तरीही. कढीला मीठ पुरेसं आहे का, चौकात सिग्नल पिवळा होता की लाल, गॅरेजच्या छतावर ओल आली आहे की नुसती सावली, सगळ्याला त्यांचा एकच प्रश्न. आणि विचारलेलं आपल्याला असलं तरी नजर मात्र आपल्या खांद्यापलीकडे, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवर जाऊन थांबायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलताना ती जिकडे पाहतात तिकडे आपणही एकदा पाहावं. रिकामी जागासुद्धा बसलेल्या माणसाचा आकार बराच काळ धरून ठेवते.

त्यांची माझी ओळख अर्विंगमधल्या देशी किराणा दुकानात झाली. दोन हजार तीनचा सुमार. माझा नवरा सोमवारी पहाटेच्या विमानाने क्लायंटकडे जायचा आणि गुरुवारी रात्री उशिरा परतायचा. मधले दिवस माझे. गाडी मला येत नव्हती, कामाची परवानगी माझ्या व्हिसावर नव्हती, म्हणून कढीपत्ता घ्यायचा असो वा नसो, मी त्या दुकानापर्यंत चालत जायची. तिथे अगरबत्ती, हिंग आणि ओल्या पुठ्ठ्याचा एक मिश्र वास असे. तो छातीत भरून घेतला की अर्धा दिवस निभायचा. त्या दिवशी एक उंच, वाकलेले गृहस्थ चिंचेचे गोळे एकावर एक दुकानाच्या ढकलगाडीत रचत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "पुरे का आता? पुरे असावं."

मराठी ऐकून मला राहवेना. "काका, एवढ्या चिंचेचं काय करणार? लग्नघर आहे की काय?"

"काडतुसं घासायची आहेत," ते म्हणाले. समया घासायच्या आहेत असं म्हणावं, त्या सुरात.

मी नकळत मागे सरकले. ते हसले. "घाबरलीस काय बाई? पितळेचीच असतात ती. समई काय अन् काडतूस काय, चिंचेला दोन्ही सारखीच."

आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या लाकडी कुंपणापलीकडे त्यांचं विटांचं बैठं घर होतं. ते मूळचे नागपूरचे. तीस वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून इकडे आले, आता निवृत्त होते. कॉलेजात एनसीसीत धरलेली रायफल इथल्या पहिल्या नोकरीतल्या एका सहकाऱ्यामुळे पुन्हा हातात आली, आणि मग जुन्या घडणीच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीवर येऊन त्यांचा जीव स्थिरावला. शिकार त्यांनी कधी केली नाही. दूरच्या टेकडीच्या पायथ्याशी टांगलेली लोखंडी पाटी, तिच्यावर आपली गोळी वाजते का, एवढंच कुतूहल. दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं. काकू बरोबर असायच्याच. त्यांनाही गाडी येत नव्हती, आणि रविवारी एकट्याने घरात बसण्यापेक्षा बंदुकीचा आवाज बरा, असं त्यांचं मत होतं.

काकू मी पाहिल्या नाहीत. मी अर्विंगला आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पण एखाद्याची ओळख त्याच्या माघारीही होऊ शकते. मला ती काकांच्या गॅरेजमध्ये झाली.

तिथे एक लांब पितळी नळी भिंतीला उभी बांधलेली होती. बंदुकीची काळी दारू वरून त्या नळीत हळू सोडायची, म्हणजे दाणे खाली काडतुसात एकमेकांना बिलगून बसतात. वर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर शिशाची गोळी. ओतायचं काम काकांचं, चकत्या बसवायचं काकूंचं. उडवून परत आणलेली रिकामी काडतुसं काळवंडलेली, गंधकाच्या वासाची असत. ती गरम पाण्यातून काढून चिंचेच्या कोळात घालायची, हे काकूंचं संशोधन. देवाच्या उपकरण्यांचं पातेलं वेगळं आणि काडतुसांचं वेगळं, हा त्यांचा दंडक. त्या दुसऱ्या पातेल्यावर त्यांनी आठवण राहावी म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तो अजून होता.

"पण खरं काम तिचं तिथं होतं, रेंजवर," काका म्हणाले. "काळ्या दारूचा धूर होतो, बाई. ढगासारखा पांढरा. उडवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून डावीकडे दुर्बीण घेऊन माणूस बसवायचा. स्पॉटर म्हणतात. गोळी लागली तर पाटी वाजते, कान सांगतात. चुकली तर कुठे चुकली, हे सांगायला माणूस लागतो."

"मग काकू सांगायच्या?"

"पहिलं वर्षभर खोटं सांगायची!" त्यांचा चेहरा उजळला. "प्रत्येक चुकलेल्या गोळीला, 'अहो, थोडक्यात गेली!' मी आपला केसभर इकडे, केसभर तिकडे करून राहिलो. एके दिवशी टेकडीपर्यंत चालत जाऊन पाहिलं, तर गोळ्या शेजारच्याच्या पाटीच्याही पलीकडे. तेव्हापासून तिनं 'थोडक्यात' म्हटलं की मी विचारायचो, 'हातभर की गावभर?' मग लाजून खरं सांगायची."

काकू गेल्यावर ते एकदाच रेंजवर गेले होते. गोळी झाडली, धूर उठला, "दिसलं का?" म्हणून डावीकडे वळले, आणि तिथेच सामान आवरून घरी आले. एवढं त्यांनी सांगितलं. पुढचं विचारण्यासारखं नव्हतं.

सॅन होजेहून लेकीचा रोज फोन यायचा. मी तिथे असताना एकदा स्पीकरवर होता. "बाबा, तुमची रूम रेडी आहे. किती दिवस विचार करणार? फक्त ते गनपावडर वगैरे घरात नको, प्लीज. मुलं आहेत."

"पाहतो," म्हणून काकांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या नळीकडे वळले. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पण तिच्याकडे गेलो की मी नुसता आजोबा. इथं रविवारी का होईना, मी कोणीतरी आहे. रेंज सुटली तर या घरात राहून काय करू? भिंती मोजू?"

आणि मग बदली पावडरीची गोष्ट निघाली.

काळी दारू ठेवणाऱ्या जवळच्या दुकानाने ती ठेवणं बंद केलं होतं. साठवणीचे नियम कडक, गिऱ्हाईक थोडं. नव्या पद्धतीची बिनधुराची दारू त्या जुन्या घडणीच्या रायफलीला सोसवणारी नव्हती. तेव्हा दुकानदाराने काळ्या दारूऐवजी चालणारी एक पावडर पुढे केली. जोर तोच, गंधकाचा वास नाही, आणि धूर, तो म्हणाला, बराच कमी.

हे शेवटचे दोन शब्द काकांनी प्रसाद घरी आणावा तसे घरी आणले. "बराच कमी, म्हणजे मला माझं दिसेल. डावीकडे कोणी नसलं तरी चालेल. ट्राय करू. दिसलं, तर लेकीला सांगतो, नाही येत. नाही दिसलं, तर जातो."

इतकं मोठं ओझं इतक्या हलक्या भुकटीवर ठेवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हलकी म्हणजे खरोखरच हलकी. ती वजनाने भरायची नाही, मापाने भरायची, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. "रव्याच्या जागी पोहे समज. रव्याच्या वजनाइतके पोहे घेतलेस तर भांडं ओसंडेल. इथं भांडं ओसंडलं तर बंदूक फुटते." त्यांनी छोट्या पितळी मापाने करड्या रंगाची ती भुकटी काडतुसात घातली, आणि मी चकत्या बसवल्या. त्यांनी सांगितलं नव्हतं. माझा हातच तिकडे गेला. पुढचं काडतूस त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

मधल्या काळात एक फजिती झाली. एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "बाई, लवकर ये! गुलाबी झाली!" मी धावत गेले. पातेल्यात त्यांची काडतुसं चिंचेच्या कोळात रात्रभर राहिली होती आणि आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखा एक फिकट गुलाबी रंग अंगावर घेऊन पडली होती. आंबटाने पितळेतलं जस्त ओढून घेतलं होतं. वर उरलं ते तांबं. असली काडतुसं पुन्हा भरायची नसतात, ती कमजोर होतात.

"किती वेळ ठेवायची, कधी विचारलंच नाही मी," ते म्हणाले. "ती पाण्यात बोट बुडवायची अन् म्हणायची, बस आता. मला वाटायचं, त्यात विचारण्यासारखं काय आहे."

त्यांनी ती गुलाबी काडतुसं टाकली नाहीत. खिडकीत ओळीने मांडली. सकाळच्या उन्हात ती सुंदर दिसत, आणि कोणत्याच उपयोगाची नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी मला रेंजवर नेलं. "तू नुसती बस," असं बजावून. नवऱ्याचा डेडलाइनचा आठवडा होता, तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "जा, जा. कानात ते प्लग घाल मात्र." शहर मागे पडलं. सपाट पिवळं गवत, वर न संपणारं आभाळ, आणि मधे एकही झाड नाही. माणूस इथे लपू शकत नाही, असं मला त्या प्रदेशाबद्दल नेहमी वाटायचं. एकटा असेल तर मैलभरावरूनही एकटाच दिसतो.

रेंज सांभाळणाऱ्या, खांद्यावरून पट्टे घेतलेल्या पँटीतल्या म्हाताऱ्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला. काकांनी गाडीतून घडीची खुर्ची काढली आणि टेबलाच्या डावीकडे उघडून ठेवली, तिच्यासमोर दुर्बीण उभी केली. हिरव्या कापडाच्या त्या खुर्चीत बसल्यावर मला जाणवलं की कापडाला आधीच एक खोलगा पडलेला आहे. माझ्यापेक्षा ठेंगण्या माणसाचा.

वारा अजिबात नव्हता. काकांनी बदली पावडरीचं पहिलं काडतूस चढवलं, श्वास सोडला, आणि गोळी झाडली.

आवाज छातीत वाजला. आणि धूर उठला. पांढरा, दाट, आळसावलेला. काळ्या दारूचा उठतो म्हणतात तसाच, तेवढाच. तो पुढे गेला नाही, वर गेला नाही, काकांच्या आणि टेकडीच्या मधे चादरीसारखा लटकून राहिला.

"दिसलं का?" काकांची मान डावीकडे वळली. तिथे मी होते.

"नाही, काका," मी म्हणाले. "मी धूरच पाहत होते."

दुसरी गोळी. पुन्हा धूर. या वेळी मी दुर्बिणीला डोळा चिकटवून ठेवला होता. टेकडीच्या मातीतून एक लहानशी फुंकर उठली. "खाली, उजवीकडे." त्यांनी रायफलीवरचं नेमाचं माप फिरवलं. तिसऱ्या गोळीनंतर दुरून, उशिरा, एक स्पष्ट टण् आला. मी टाळी वाजवली. काका हसले नाहीत. ते हाताने धूर बाजूला करत होते, दार उघडावं तसे, आणि धूर पुन्हा जागेवर येत होता.

"धूर तेवढाच आहे," ते म्हणाले. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. "वास मात्र गेला."

"काका, मी येत जाईन ना दर रविवारी."

"तुम्ही लोक आज इथं, उद्या मिनेसोटात. प्रोजेक्ट संपला की निघालात." त्यात दोष नव्हता. ते खरंच होतं. "शिवाय, बाई, कोणीतरी बसायला हवं म्हणून तुला बसवणं बरं नव्हे. ती तशी नव्हती बसत."

मग त्यांनी पेटीच्या तळातून एक काडतूस काढलं. काळ्या दारूचं, आधीचं, एकच उरलेलं. चकती काकूंनी बसवलेली होती. त्यांनी ते तळहातावर जरा वेळ धरलं आणि चढवलं.

या धुराला वास होता. दिवाळीच्या पहाटेचा, अंगणातल्या विझलेल्या फटाक्यांचा, गंधकाचा वास. काका त्या धुरात उभेच राहिले. पाटी वाजली नाही. त्यांनी या वेळी काहीच विचारलं नाही. मान डावीकडे वळली नाही.

मला मात्र दिसलं होतं. माती आमच्या पाटीच्या कितीतरी पलीकडे, शेजारच्या पाटीच्याही पुढे उडाली होती.

"थोडक्यात गेली, काका," मी म्हणाले.

मग धुरातून आवाज आला, बारीक, पण ओळखीच्या खोडीचा. "हातभर की गावभर?"

"गावभर."

ते हसू लागले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. धूर विरून टेकडी पुन्हा दिसू लागेपर्यंत ते हसत होते, आणि दिसू लागली तेव्हा चष्मा काढून पुसत होते.

रायफल त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या हवाली केली. मी खुर्चीची घडी करायला घेतली, तर म्हणाले, "राहू दे उघडीच. कोणी एकटा आला तर डावीकडे कोणाला तरी बसवील." घरी पोचल्यावर गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी लेकीला फोन लावला. मे महिन्यात कुंपणापलीकडे दुसरं कुटुंब राहायला आलं. त्यांनी खिडकीला पडदे लावले.

वर्षभरात आम्हीही मिनेसोटाला गेलो. तिथल्या ईडन प्रेरी गावातल्या पहिल्या हिवाळ्यात मी एका सकाळी बाहेर उभी होते. श्वासाचा पांढरा ढग तोंडासमोर उठला आणि वारा नसल्यामुळे तिथेच थांबला. त्यातून पलीकडचं काही दिसेना. माझी मान डावीकडे वळली.