मामांचा बाण

आमचे मामा बोर्ड रंगवायचे. बाण असा काढायचे की गाडीवाल्याचा हात आपोआप तिकडं वळायचा, म्हणून सगळे त्यांना बाणमामाच म्हणायचे. जुन्या रस्त्यावर आरशाचं घर, सिमेंटचा देवमासा असलं काय काय बघायला लोक थांबायचे, ते सगळे बोर्ड मामांचे. मग मोठा रस्ता झाला आणि माणसं तिकडून पळायला लागली. आरसे फुटले. देवमाशाच्या तोंडात झुडूप उगवलं.

हात थकले तरी मामा दर रविवारी मामीला मागं बसवून स्कूटरवर जुन्या रस्त्यानं निघायचे. आपला बोर्ड दिसला की उतरायचं, डबा उघडायचा, अक्षरं उजळायची. वरून वार्निश. वार्निश मारल्याशिवाय बोर्ड सोडायचे नाहीत.

एका रविवारी वेलीखाली मनोऱ्याचा बोर्ड सापडला. ‘वर चढा, चार गावं बघा.’

मामी म्हणाली, "अहो, आधी मनोरा धड उभा आहे का ते तरी बघून या."

"बोर्ड माझा, मनोरा दुसऱ्याचा."

"लोक वाचून जातील ना."

"अगं, इथं कुत्रं फिरकत नाही."

लाल बाण काढला, वार्निश मारलं. तिथं एक पाखरू बोलत नव्हतं, असं मामी अजून सांगते.

पुढच्या रविवारी बघतात तर बाणाच्या दिशेनं गवत दबलेलं. चाकांचे दोन पट्टे थेट आत. मामांचं तोंड उतरलं. त्यांनी स्कूटर आत घातली.

मनोऱ्याखाली गाडी, शेजारी एक जाडजूड माणूस वर बघत उभा. त्याचे म्हातारे वडील हौसेनं चढले होते, आता वरच अडकून कठडा धरून बसले होते. लोखंडी जिना गंजून चाळणी झालेला. मुलानं पाय ठेवला की कुरकुर.

"तुम्ही नका चढू," मामा म्हणाले. "मी काडी आहे, मला पेलेल. आणि बोलावलंय मीच त्यांना."

मामीनं शर्ट धरला. त्यांनी सोडवून घेतला.

वर जाऊन त्यांनी म्हाताऱ्याला पुढं घातलं. "आजोबा, भिंतीला चिकटून उतरा. तुम्ही खाली टेकल्याशिवाय मी हलत नाही." दोघांचं वजन एकदम पडायला नको म्हणून. आजोबा खाली टेकले. मग मामांनी पाय उचलला आणि वरचा अर्धा जिनाच सुटला.

महिन्यानं मामी काळ्या रंगाचा डबा घेऊन गेली, बोर्ड सगळा काळा करून आली. पण मामांच्या वार्निशवर दुसरा रंग कुठला धरतोय. परवा भाचीच्या गाडीतून तिकडून जाताना मामीनं बघितलं, काळे पापुद्रे खाली पडलेले आणि बाण लालभडक, कालच काढल्यासारखा.

गवत परत दबलेलं होतं.

मामी भाचीला म्हणाली, "आत घे."