न मावळणाऱ्या दिवसाचं पारणं

निरगुडसरच्या राघू धनगराचा सोमनाथ बोटीवर नोकरीला गेला, तेव्हा गावाला वाटलं, पोरगं जग बघायला निघालं. खरं सांगायचं तर त्यानं जग थोडं आणि गाद्याच जास्त बघितल्या. आधी आळेफाट्याच्या एका हॉटेलात टेबलं पुसली, मग पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला, मग मुंबईच्या एजंटाच्या जिन्यात हेलपाटे घातले, आणि सत्त्याण्णव साली गडी फिरायच्या बोटीवर खोल्या आवरायला लागला. नऊ महिने बोट, दोन महिने घर. घरी आला की पहिले चार दिवस नुसता झोपायचा. बायको हिरा म्हणायची, हा माणूस सुट्टीला येतो की आजारपणाला, तेच कळत नाही.

आता बोट म्हणजे नदी ओलांडायची होडी नव्हे, बरं का. अकरा मजले. वरच्या मजल्यांवर पोहायचा तलाव, नाटकघर, काचेची लिफ्ट. खाली पाण्यात दोन्ही बाजूंना लोखंडी पंख पसरलेले, म्हणजे लाटेनं पावण्यांना गरगरायला नको. प्रत्येक खोलीची मोरी कारखान्यातून अख्खी तयार होऊन आलेली, आणि कपाटात खण सरकवावा तशी बोटीत बसवलेली. टेबलांना कडेनं बोटभर काठ, चहाचा कप घसरू नये म्हणून. हे सगळं पावण्यांसाठी.

नोकरांसाठी एक दार होतं. दाराच्या अलीकडं गालिचा, पलीकडं उघडा लोखंडी जिना. त्या जिन्यानं चार मजले उतरलं की बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक बोळ. भाजीच्या गाड्या, मळक्या चादरींचे ढीग, स्वयंपाकी, वाजंत्री, सगळे त्यातनंच जाणार. बाजाराच्या दिवशी आळेफाटा असावा तसा, फक्त वर आभाळ नाही. त्या बोळाच्या पोटात सोमनाथची खोली. दोघांत एक, खाट वर खाट, खिडकी नाही. भिंतीपलीकडं समुद्र होता, पण तो नुसता ऐकायचा. दिवा लावला की दिवस, मालवला की रात्र. सोळा खोल्या रोज दोनदा आवरायच्या आणि हाताला लागायची पाच तासांची झोप. संध्याकाळी बूट काढताना पाय बुटातनं निघायला तयार नसायचे.

दोन हजार चारचा जून. बोट नॉर्वेच्या वरच्या अंगाला निघाली होती आणि सोमनाथचा सातवा महिना चालू होता. ह्या महिन्यात माणूस कसा होतो, तर चालता चालता भिंतीला टेकला की डोळा लागतो. त्या फेरीला पुण्याहून मोठा ग्रुप आला होता आणि त्याच्या सोळा खोल्यांतल्या एका खोलीत घोडेगावचे कापडवाले पारसमल शेठ आणि त्यांची आई जतनबाई. वय बहात्तर. सामानात कपडे कमी आणि खाखरे, मूग, मेतकूट जास्त.

पहिल्याच दिवशी सोमनाथ मराठीत बोलला आणि म्हातारीनं त्याची सगळी चौकशी करून घेतली. राघू धनगर दुकानात घोंगडीला काठाचं कापड घ्यायला यायचा, हेही तिला आठवलं. तेव्हापासून तिचं उकळलेलं पाणी भटारखान्यातनं थर्मासात भरून आणायचं काम सोमनाथकडं आलं. सतरावी खोलीच म्हणा ना.

चौथ्या दिवशी जतनबाईंची आठम, म्हणजे जैनांची अष्टमी. त्यांनी नेहमीसारखा उपवास धरला. दिवसा फक्त उकळलेलं पाणी आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की पारणं. पन्नास वर्षांत हा नेम मोडलेला नव्हता. त्या रात्री बोट इतकी वर गेली की सूर्य मावळायचं नावच घेईना. घड्याळात बारा वाजले तरी खिडकीत ऊन.

सकाळी पारसमल शेठ मुगाचं पाणी घेऊन आईसमोर बसले. म्हातारी म्हणाली, सूर्य उगवल्याशिवाय पारणं नाही. शेठ म्हणाले, अगं हा काय समोर आहे. ती म्हणाली, हा कालचाच आहे, मावळलाच नाही तर उगवेल कसा?

आता हिला काय सांगायचं? घड्याळ दाखवलं, तर म्हणे ते माणसानं केलंय. ग्रुपच्या गाईडनं अर्धा तास भूगोल सांगितला, तो तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि पाणी प्यायली. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ती मोरीपर्यंत जाताना भिंत धरायला लागली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही पोटात अन्न नाही म्हणून बंद. बोटीचा डॉक्टर म्हणाला, असंच राहिलं तर पुढच्या बंदरात उतरवून दवाखान्यात घालावं लागेल.

शेठ बाहेर येऊन सोमनाथला म्हणाले, "तू बोल बाबा. माझं ती ऐकायची नाही. परक्या देशात दवाखान्यात टाकून तिचं काय करू मी?"

सोमनाथला खरं तर त्या वेळी कुणाशीच बोलायचं नव्हतं. पण चादर खोचता खोचता डोक्यात एक गोष्ट फिरत राहिली. राघू मेंढरांची वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, सूर्य डोंगरावर आल्याबिगर कधी उघडायचा नाही. दवाचं गवत खाल्लं की मेंढरू बिघडतं. उजाडलेलं असायचं, कोंबडं आरवून तास झालेला असायचा, पण डोंगराच्या माथ्यावर किरण आला की मगच धनगराचा दिवस. आणि बोटीचं कसं होतं, तर ह्या वाटेवर ती सकाळी एका अरुंद खाडीत शिरायची. दोन्हीकडं उभे कडे. बोटीच्या पुढच्या टोकाला नोकरांच्या डेकवर चहा पिताना सोमनाथनं दर फेरीला बघितलं होतं, सूर्य कड्याआड जायचा, अंगावर काटा येईल अशी सावली पडायची, आणि वळण आलं की पुन्हा डोंगरावरनं वर यायचा.

चौथ्या सकाळी साडेसातला त्यानं जतनबाईंची खुर्ची खिडकीशी ओढली. त्या वेळी तो चौथी खोली आवरत असायला हवा होता.

बोट सावलीत शिरली. खोलीत एकदम संध्याकाळ झाली.

"मावळला बघा, काकी," सोमनाथ म्हणाला.

"कड्याआड गेला. ह्याला मावळणं म्हणत नाहीत."

"मंग घोडेगावात काय म्हनता? तिथं तरी त्यो जमिनीत बुडताना कवा बघितला तुमी? डोंगराआडच जातुया. आन सकाळी डोंगरावर आला का पारणं करता. पन्नास वर्षं हेच केलं न्हाई का?"

म्हातारीनं काचेतनं कड्याकडं बघितलं. घोडेगावच्या घरी भिंतीवर सूर्योदयाच्या वेळांचा पंचांगाचा कागद लावलेला असला, तरी बघायची ती डोंगराकडंच, हे तिचं तिला ठाऊक.

"तू मला फसवत तर नाहीस ना रे?"

"तुमाला फसवून कुटं जाऊ? घोडेगावचा बाजार चुकवता येतोय व्हय?"

शेठ हसले, म्हातारी हसली नाही. काचेला कपाळ टेकून बसून राहिली. पाव तास गेला. मग बोट वळली, काळ्या कड्याच्या खांद्यावर आधी एक रेघ उजळली आणि सूर्य वर आला. जतनबाईंनी हात जोडले. सूर्य उगवल्यावर पारण्याआधी थांबायच्या दोन घटका, म्हणजे पाऊण तास, तोही तिनं काटेकोर धरला. शेठ दर पाच मिनिटांनी आपलं घड्याळ बघत होते, आणि सोमनाथ आपलं.

मुगाच्या पाण्याची वाटी त्यानंच पुढं केली. तिनं ती घेतली, आणि थांबली.

"तू काय खाल्लंस सकाळपासून?"

तो म्हणाला, जेवायला जायचंच आहे.

"उपाशी माणसाच्या हातनं मी पारणं करू? बस खाली."

पावण्यांच्या खोलीत खायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही, असा बोटीचा नियम. हे त्यानं सांगितलं. ती वाटी धरून तशीच राहिली. तीन दिवसांची उपाशी बाई. मग सोमनाथ मोरीच्या भिंतीला पाठ लावून खाली बसला. तिनं मेतकूट लावलेला खाखरा त्याच्या हातात दिला, त्यानं तोडला, आणि तेव्हा कुठं वाटी तिच्या ओठाला लागली.

दुसरा खाखरा अर्धा हातातच राहिला. खिडकीतलं ऊन सरकत त्याच्या तोंडावर आलं होतं आणि गडी बसल्या बसल्या गाढ झोपला होता. तोंड उघडं, मान खांद्यावर.

शेठ उठवायला वाकले, तर म्हातारीनं डोळे वटारले. मग शेठनं इकडं तिकडं बघितलं आणि दोन्ही पलंगांच्या चादरी झटकून घालायला घेतल्या. चाळीस वर्षं कापडाची ठाणं उलगडलेला आणि घड्या घातलेला माणूस. एक सुरकुती ठेवली नाही. उशा, टॉवेल, सगळं जागच्या जागी.

दार वाजलं. सोमनाथचा साहेब दारात. सोळातल्या बारा खोल्या तशाच पडल्यात, हे बघत तो आला होता. जतनबाईला इंग्रजी येत नव्हतं. ती भिंत धरून उठली, दाराच्या मधोमध उभी राहिली आणि ओठावर बोट ठेवलं. साहेबानं तिच्या खांद्यावरनं आत बघितलं, शेठच्या हातातली चादर बघितली, आणि आल्या पावली परत गेला.

वीस मिनिटांनी सोमनाथ आपोआप दचकून जागा झाला. दुपारी साहेबानं त्याला खाली बोलावून ताकिदीची चिठ्ठी दिली. पावण्यांच्या खोलीत झोपला. तीन चिठ्ठ्या झाल्या की घरी, आणि ही दुसरी. साहेब म्हणाला, मला लिहावी लागते. सोमनाथ म्हणाला, लिहा की. त्यानं सही केली, लोखंडी जिना चढून वर आला आणि राहिलेल्या खोल्यांतली पहिली उघडली.