भाजणीतला ण

आधी काकूंचं सांगतो, मग बाकीचं. कर्वेनगरातल्या एका गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकूंनी मला पुण्यात टिकू दिलं. त्या नसत्या तर मी कधीच परतीच्या गाडीत बसलो असतो.

माझं गाव किनवटच्याही पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढं जिथं मिळेल तिथं राबलो आणि गावाकडच्या एकानं वॉचमनचं काम लावून देतो म्हटलं म्हणून पुण्याला आलो. आल्यावर काम नव्हतं आणि लावून देणारा फोन उचलेना. गल्लीगल्लीतून फिरताना गिरणीबाहेर ‘माणूस पाहिजे’ अशी पाटी दिसली. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ‘काम करणारा’. ती वाचून मी जरा थबकलोच. आतून आवाज आला, "वाचून झालं असेल तर आत या, नाहीतर सावली सोडा."

मी आत गेलो. गिरणीमागच्या खोलीत राहायला जागा मिळाली, दोन्ही वेळचं जेवण मिळालं. सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी काकू मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायच्या. वाचताना मी अडखळलो की थांबायच्या, पण शब्द सांगायच्या नाहीत. मी "काकू, गहू टाकायलो" म्हणालो की म्हणायच्या, "टाकायलो नाही, टाकतोय. आणि टाकत असशील तर सांगू नकोस, दिसतंय." माझ्या बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत. एखादं गिऱ्हाईक हसलं तर त्याचा डबा रांगेत मागं जायचा आणि का गेला ते त्याला कधी कळायचं नाही.

मला त्या ‘पंडित’ म्हणायच्या. "काय पंडित, ज्वारी निवडून झाली का?" नववीत शाळा सोडलेल्या माणसाला पंडित म्हणणं हा टोमणाच होता, पण पुण्यात मला कुणी हक्कानं हाक मारावी असं तेवढंच एक नाव होतं. मला ते आवडायचं.

काकूंचं बोलणं सगळ्यांशीच असं तोडून असायचं. मला वाटतं त्याला गिरणीही कारणीभूत असावी. पट्टा फिरत असताना लांब वाक्य समोरच्यापर्यंत पोचतच नाही. कुणी विचारलं, "काकू, भाजणी ताजी आहे ना?" तर उत्तर, "नाही, तुमच्यासाठी जुनी राखून ठेवलीय." लोक हे ऐकून घ्यायचे, कारण भाजणी तशी दुसरीकडं मिळत नव्हती. काकू प्रत्येक धान्य वेगळं भाजायच्या आणि हात घालून बघितल्याशिवाय दुसऱ्यात मिसळायच्या नाहीत.

समोरच्या इमारतीत एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मुलगा परदेशात, मुलगी कात्रजला, इथं एकट्या. त्या दर आठवड्याला छोटासा डबा घेऊन यायच्या. पायरीशी आल्या की काकू मान वर न करता म्हणायच्या, "अजून आहात वाटतं."

"तुमची भाजणी खाऊनसुद्धा," बाई म्हणायच्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलोच. नंतर कळलं की हा त्यांचा नमस्कार आहे. काकांचं निधन झालं त्या वर्षी बाईंनीच रोज येऊन काकूंना गिरणी पुन्हा उघडायला लावली होती आणि तेव्हा पहिल्या दिवशी बाईंनीच विचारलं होतं, "अजून आहात ना?" तेच पुढं उलटसुलट होत राहिलं. बाईंचा डबा रांगेशिवाय दळला जायचा. एखाद्या आठवड्यात त्या आल्या नाहीत तर काकू मला पिटाळायच्या, "बघून ये, आहेत का."

मग धंदा बसायला लागला. जुन्या घरांच्या जागी सोसायट्या झाल्या, आणि तिथले लोक पिठाची पिशवीही फोनवरून मागवतात. सकाळची रांग आटली. दुपारी गिरणी नुसती उभी असायची. मला रात्री झोप लागेना. गिरणी बंद झाली तर त्यांना मुलीसारख्या भाचीकडं जाता आलं असतं. मी कुठं जाणार होतो?

मी फोनवर बघायचो, लोक लोणच्याचे, पापडाचे व्हिडिओ टाकतात आणि त्यांच्याकडं गावोगावहून ऑर्डरी येतात. धीर करून काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. तुला कळतं?"

"नाही."

"मग जमेल. ज्यांना कळतं ते नुसते बोलतात."

धने ठेवायच्या डब्याला फोन टेकवला आणि ज्वारी भाजतानाची रील केली. कढईतला आवाज छान आला होता. खाली मी लिहिलं, ‘घरगुती थालीपिठाची भाजनी’. आमच्याकडं बोलताना ण येत नाही, तो लिहितानाही आला नाही. पाच-पन्नास लोकांनी रील बघितली असेल, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो ण शोधून काढला. एकानं लिहिलं, ‘आधी शाळेत जा, मग धंदा कर.’

मी ते काढून टाकणार होतो. काकूंनी तोंड बघितलं आणि काय झालं ते विचारलं. वाचून दाखवायची लाज वाटत होती, तरी दाखवलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "धर तो फोन." मग गिरणी चालू असतानाच, फोनकडं बघून म्हणाल्या, "ज्यांना नुसता ण पाहिजे त्यांनी शाळेत जावं. आमच्याकडं भाजणी मिळते. पोरगं चुकतं ते लिहिताना, भाजताना नाही."

एवढंच. मी तसंच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात धरवेना, इतका वाजत होता.

पुढचे काही महिने फार चांगले गेले, हे मला नाकारता येत नाही. खडकीहून, हडपसरहून लोक भाजणी न्यायला यायला लागले. मुंबईला, नागपूरला पार्सलं जायला लागली. काकू खळ घातलेली साडी नेसून गिरणीत यायला लागल्या. डबे भरताना सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "काय पंडित, आज कोण काय म्हणालं?" मी वाचून दाखवायचो आणि त्या ओठ दाबून ऐकायच्या. आता मी अडखळत नव्हतो.

पण येणाऱ्या लोकांना भाजणीपेक्षा काकू हव्या होत्या. कॉलेजच्या मुली फोन वर धरून म्हणायच्या, "काकू, प्लीज, आमचा पण एक अपमान करा ना." सुरुवातीला काकू म्हणायच्या, "रांगेत या, सगळ्यांचा होईल." लोक खूश व्हायचे. मग रोज नवं काहीतरी लागायला लागलं. एकदा सकाळी कढईसमोर काकू पुटपुटताना दिसल्या. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. जवळ गेलो तर दुपारी गिऱ्हाइकाला काय बोलायचं ते ठरवत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातून धने करपले. मी आल्यापासून त्यांच्या हातून काही करपलेलं बघितलं नव्हतं. मी तेव्हाच फोन बंद करायला हवा होता, असं आता वाटतं. तेव्हा मी फक्त करपलेले धने गोणीत भरले आणि नवे आणले.

बाई आल्या त्या दिवशी पायरीवर गर्दी होती. लोक बाजूला झाले, त्या डबा सावरत पुढं आल्या. काकूंनी मान वर न करता म्हटलं, "अजून आहात वाटतं."

पायरीवरचे लोक एवढ्या मोठ्यानं हसले की बाईंचं उत्तर कुणाला ऐकूच आलं नाही. ते मला ऐकू आलं, कारण मी त्यांच्या हातातून डबा घेत होतो. काकूंनाही आलं. बाकी कुणाला आलं नाही आणि ज्यानं फोन धरला होता त्याच्या फोनलाही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते पसरलं होतं. काकूंचं वाक्य, बाईंचा वर झालेला चेहरा आणि हसण्याचा आवाज, एवढंच. काही लोक खाली हसत होते. काही लोक काकूंना शिव्या घालत होते, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का म्हणून. मी त्या मुलाला मेसेज केला की ते काढा, ते तसं नाही. त्यानं लिहिलं, ‘भाऊ, तुमची फुकट जाहिरात झाली की.’ मी बाईंचं उत्तर लिहून खाली टाकलं. शुद्ध लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही.

चार दिवसांनी गिरणीच्या नंबरवर फोन आला. रीलखाली तोच नंबर मी दिला होता. बाईंचा मुलगा होता. मी काकूंना फोन दिला आणि स्पीकर लावला, कारण गिरणीत तसं ऐकू येत नाही. तो चिडला नव्हता. शांतपणे म्हणाला, "आई भाजी आणायला गेली की मागून पोरं ‘अजून आहात वाटतं’ ओरडतात. ती आता खाली उतरत नाही."

काकूंनी मला खूण केली, गिरणी बंद कर. मी बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला आणि गिरणी एकदम शांत झाली. आता काकू सगळं समजावून सांगतील असं मला वाटलं, काकांच्या वर्षापासूनचं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाल्या, "चुकलं." आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या दुपारी त्या स्वतः बाईंकडं जाऊन आल्या. आल्यावर गोणीवर बसल्या. मी पाणी दिलं तेव्हा बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही काय म्हणालात ते मला कळतं हो. पण लोकांना जे ऐकू आलं, ते मी कसं पुसू?" पुढच्या महिन्यात मुलीनं त्यांना कात्रजला नेलं. समोरची त्यांची खिडकी बंद दिसते आता.

काकू बाईंकडं जाऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या, बसा. काय देऊ आपल्याला?" मला वाटलं हाही टोमणाच आहे. गिऱ्हाइकालाही तसंच वाटलं, तो हसायला तयार होऊन उभा राहिला. पण पुढं काहीच आलं नाही. काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाळा, यांना अर्धा किलो दे."

तेव्हापासून मी बाळा आहे. काकू सगळ्यांशी गोड बोलतात. फोन घेऊन येणारे थोडे दिवस रेंगाळले, मग ‘पूर्वीसारखी मजा नाही’ असं लिहून गेले. मी आमच्या सगळ्या रील काढून टाकल्या, पण लोकांकडं त्या आहेत, अधूनमधून कुठून तरी वर येतात. आणि पार्सलं थांबली नाहीत. खाणाऱ्यांना भाजणी आवडली होती. गिरणी दिवसभर चालते. ज्या भीतीनं मी हे सगळं केलं ती भीती गेली, मी पुण्यात टिकलो. गावाकडं आईला वाटतं पोरानं शहरात नाव काढलं.

महिन्यातून एका गुरुवारी गिरणीला सुट्टी असते तेव्हा मी भाजणी घेऊन कात्रजला जातो. काकूंनीच पाठवलं पहिल्यांदा. बाई बारीक झाल्यात. पहिले काही महिने त्या डबा घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि माझ्या वाचनाची चौकशी करायच्या. गेल्या वेळी निघताना दारात म्हणाल्या, "तुमच्या काकू अजून आहेत वाटतं."

परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य मनात घट्ट धरून बसलो होतो, सांडेल की काय अशा भीतीनं. गिरणीत शिरल्या शिरल्या काकूंना सांगितलं, बाई म्हणाल्या तसंच, त्याच सुरात. काकूंच्या हातातली चाळणी थांबली. मी वाट बघत उभा राहिलो. आता काहीतरी येईल, निदान मला तरी काही ऐकवतील.

"त्यांना माझा नमस्कार सांग, बाळा," त्या म्हणाल्या आणि चाळायला लागल्या.

काकू, माझ्या एका ण साठी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, आणि त्यात तुमचं बोलणंच गेलं. हे लिहिताना भाजणीतला ण मी प्रत्येक वेळी नीट काढलाय. तेवढ्यानं फिटत नाही, ते मला कळतं. बाई आता एकट्या जिना उतरत नाहीत, पण मी विचारून ठेवलंय, रिक्षा दारापर्यंत जाते. एका गुरुवारी मी त्यांना घेऊन येणार आहे. फोन मागच्या खोलीत ठेवीन. शटर अर्धं खाली ओढीन आणि गिरणी मोकळीच चालू करीन, म्हणजे बाहेर कुणाला काही ऐकू जाणार नाही. मग तुम्ही दोघी काय बोलायचं ते बोला. मी ज्वारी निवडत बसेन, आणि हळू निवडतो म्हणून तुम्ही मला पूर्वी जे म्हणायचात ते म्हणेपर्यंत मान वर करणार नाही.